नुरा सेट

टीव्ही घ्यायला आलेला माणूस दुकानात शिरला की आधी टीव्हीकडे बघत नाही. आधी विकणाऱ्याकडे बघतो. हा मला कुठं फसवणार, एवढंच त्याला शोधायचं असतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात मी एकोणीस वर्षं ती नजर झेलली. सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली. आता घरी बसून बरीच वर्षं झाली आहेत, तेव्हा कबूल करतो, की ती नजर रास्त होती.

दिवाळी अंकवाल्यांनी मला गिऱ्हाइकांच्या गमती लिहायला सांगितल्या. गमती आहेत, त्या सांगतो. पण एका गिऱ्हाइकाची गोष्ट गमतीची नाही. हुपरीच्या एका चांदी कारागिराला मी एक वाक्य बोललो होतो. ते खोटं होतं. ते परत घेण्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

आमच्या भावकीत मजुरी करणारे होते, सरकारी नोकरीत शिपाई होते, दोघं मास्तर होते. पण इस्त्रीचा शर्ट घालून शोरूममध्ये उभा राहिलेला मी पहिला. खिशावर ‘कांबळे’ अशी पट्टी लावून उभा राहिलो त्या पहिल्या दिवशी आई समोरच्या फुटपाथवरून बघून गेली. आत आली नाही. त्या पट्टीला मी फार जपलं. नको इतकं जपलं.

ते दिवस रंगीत टीव्हीचे होते. जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान असलेल्या एकानं आमच्याकडून सेट नेला. चैत्राची यात्रा झाली आणि हा गृहस्थ सेट जीपमध्ये घालून दुकानात हजर.

“समद्यांची तोंडं लाल दिसत्यात! बातम्या देणारी बाई तांबडी, गांधीजींचा फोटू तांबडा. जुनी टूब घातलीसा व्हय रं मला?”

मेकॅनिकनं मागचं झाकण काढलं तर आत बोटभर गुलाल. मी लगेच म्हणालो, “बघा पावणं, गुलाल आत गेलाय, म्हणून चित्र लाल झालंय.” गुलालानं चित्र लाल होत नाही. घरातल्या कुणीतरी रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. मेकॅनिकनं हवा मारून गुलाल उडवला आणि गुपचूप बटण मागं घेतलं. “देवाचाच रंग म्हणायचा की मग,” असं म्हणत गृहस्थ हात जोडून गेला.

त्या दिवशी मी एक धडा घेतला. गिऱ्हाइकाला पटेल असं कारण हाताशी असलं की खऱ्या कारणाची गरज पडत नाही. हा धडा पुढं मला फार उपयोगी पडला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली.

२००५ नंतर भिंतीवर लावायचे चपटे सेट आले आणि ‘एचडी’ हा शब्द आला. लोक विचारायचे, जुना चांगला चालतोय तर हा कशाला घ्यायचा? प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर तोंडानं देणं अवघड, म्हणून आम्ही ते डोळ्यांनी द्यायचो. कसं, ते सांगतो.

ठरवून हरायच्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. तसा आमच्या दुकानात एक नुरा सेट असायचा. महागड्या एचडी सेटच्या शेजारी जुन्या पद्धतीचा, मागं पोट सुटलेला एक टीव्ही ठेवायचा. महागड्याला कंपनीची खास डिस्क: मासे, फुलं, पानावरचा थेंब. जुन्याला एका केबलचे आठ फाटे फोडून त्यातला शेवटचा. वर त्याचा उजेड वाढवून रंग उतरवायचे, म्हणजे चित्र धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखं फिकं दिसतं. सकाळी दुकान उघडलं की देवाला अगरबत्ती लावायची आणि नुरा सेट बिघडवायचा, ही माझी पहिली दोन कामं. मालक स्पष्ट कधी बोलायचे नाहीत. गल्ल्यावर बसता बसता एवढंच विचारायचे, “कांबळे, जोड लागली का?”

जोड लागलेली असायची. निकालही लागलेला असायचा.

सगळेच फसायचे असं नाही. शिवाजी पेठेतल्या एका तालमीची दहा-बारा पोरं वर्गणी काढून फुटबॉल बघायला टीव्ही घ्यायला आली. मी डिस्क लावली.

“मासं नको दावू मामा, बॉल दाव,” त्यांचा म्होरक्या म्हणाला.

मी केबलवरचा सामना लावला. दोन मिनिटं सगळ्यांनी डोळे लावून बघितलं. मग एकजण ओरडला, “आयला, बॉलला शेपूट हाय की!”

“बॉल न्हाय त्यो, धूमकेतू हाय.”

“मामा, गोल झाल्यावर आधी शेपूट जाळ्यात जाणार का बॉल?”

हसत हसत सगळे बाहेर पडले. पुढं त्यांनी दुसरीकडून पोटवाला सेट घेतला. त्यांच्या मागं मी त्यांना अडाणी म्हणालो. पण त्यांना दिसलं ते खरं होतं. त्या काळच्या चपट्या सेटवर वेगानं जाणाऱ्या वस्तूमागं धूसर पट्टा राहायचा. ते दहा-बारा जण होते, म्हणून मी तोंडावर काही बोललो नाही. माणूस एकटा असता तर मी काय बोललो असतो, ते दोन-तीन महिन्यांनी मला कळलं.

दसऱ्याच्या आधी आप्पासो आले. हुपरीचे. पन्नाशी नुकती ओलांडलेला सडपातळ माणूस, बोटांची टोकं भाजून काळी पडलेली. त्यांचं काम रव्याचं. चांदीचे मोहरीहून बारीक दाणे चिमट्यानं उचलून पैंजणाच्या नक्षीवर एकेक बसवायचे आणि ज्योतीनं डाग देऊन, म्हणजे सांधून, पक्के करायचे. पैंजण करणारी घरं हुपरीत पुष्कळ, पण असा बारीक रवा बसवणारे हात थोडे. त्यांची बायको, शालनवैनी, गुडघ्यांमुळे घरात बसून असायच्या. टीव्हीसमोर बसून दिवसभर पैंजणाच्या कड्या जोडायच्या. त्यांच्यासाठी मोठा टीव्ही घ्यायचा होता.

पहिल्या वेळी ते नुसते बघून गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, “कांबळेसाहेब, काचेला हात लावला तर चालतंय न्हवं?”

“लावा की.”

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं भिंग काढलं. आधी महागड्या सेटवर टेकवून त्याला डोळा लावला, मग नुरा सेटवर. दुकानातली माणसं बघायला लागली. गल्ल्यावरून मालकांनीही मान वर केली.

“ह्यात दाणं लई हाईत,” आप्पासो म्हणाले. “आणि बारीक हाईत. त्यात जाडं हाईत.”

“तेच तर! त्यालाच एचडी म्हणत्यात.”

“व्हय. पर दाणं लई म्हंजे नक्षी चांगली, असं नसतंय. मुळात नक्षी कोरल्याली पायजे. तवा कळतंय दाणा कुठं बसवायचा त्ये. माझ्या घरातल्या केबलीत येवढी नक्षी येतीया का?”

कंपनीचे लोक येऊन आम्हाला दोन-दोन दिवस शिकवून जायचे. त्यांच्यातल्या एकानंही ही गोष्ट इतकी स्वच्छ सांगितली नव्हती. दुधाच्या भाषेत सांगायचं तर केबलमधून येणारं दूध एक लिटर आणि नव्या टीव्हीची किटली पाच लिटरची. उरलेली जागा टीव्ही पाणी घालून भरतो. चित्र मोठं होतं आणि पातळ होतं. मला हे माहीत होतं.

मी म्हणालो, “आप्पासो, मशीन हुशार आहे. नसलेली नक्षी ते स्वतः भरतं. घरी याच्यापेक्षा चांगलं दिसेल.”

“नसल्याली नक्षी भरतंय?”

“हो.”

“मग त्येला हुपरीत कामाला लावू या की!”

सगळं दुकान हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. निघताना त्यांनी नुरा सेटकडे बोट केलं. “माझा घरचा जुना ह्येच्यापेक्षा बरा दिसतोय. ह्यो असा का?”

“तुमच्या नजरेला घरच्याची सवय झाली असेल,” मी म्हणालो.

तिसऱ्या वेळी ते सेट घेऊन गेले.

आठ दिवसांत दुकानात फोन आला. चित्र पुसल्यासारखं दिसतंय. अशा फोनसाठी आमच्याकडे उत्तरांची उतरंड होती. आधी व्होल्टेजवर ढकलायचं, मग केबलवाल्यावर, मग ‘सेट नवा आहे, पंधरा दिवस चालू द्या’ असं सांगायचं. तोवर बहुतेकांची नजर सरावते. आप्पासोंनी स्टॅबिलायझर बसवला, केबलवाल्याकडून नवी वायर ओढून घेतली, पंधरा दिवस थांबले. मग पुन्हा फोन. मालक म्हणाले, “कांबळे, तू विकलायस, तूच जा. सेट मात्र परत येता कामा नये.”

मी हुपरीची एसटी धरली.

आप्पासोंनी जुना सेट विकला नव्हता. ट्रंकेवर ठेवला होता आणि नव्याच्या शेजारी लावून दोघांना एकच केबल जोडली होती. माझीच जोड, पण कुणालाही नुरा न करता लावलेली. दोन्हीवर एकच मालिका चालू होती. टीव्हीवाला आलाय म्हणून शेजारची आठ-दहा माणसं दारात जमली.

“आता तुमीच सांगा,” आप्पासो म्हणाले. “त्या बाईच्या कानातलं कुठल्यावर दिसतंय?”

जुन्यावर कुडीचा एकेक मोती दिसत होता. नव्यावर कानच धड दिसत नव्हता. दारात उभा राहूनच मला ते दिसलं.

“आप्पा, नवाच झ्याक हाय की,” शेजारचा एकजण म्हणाला. “केवढा मोठा हाय!”

“वैनी, तुम्हाला कसं दिसतंय?” मी विचारलं.

शालनवैनींनी हातातल्या कड्यांवरून नजर वर केली. “मला तर चांगलं दिसतंय.”

मला वाट सापडली. सेट परत गेला असता तर मालक बोलले असते, पण नोकरी गेली नसती. मला त्या दहा माणसांपुढं, खिशावर पट्टी लावून, लबाड ठरायचं नव्हतं. मी म्हणालो, “आप्पासो, सगळ्यांना चांगलं दिसतंय. तुम्हालाच पुसट दिसतंय. इतकी वर्षं ज्योतीपुढं बारीक काम केलंय तुम्ही. एकदा डोळे तपासून घ्या.”

ते हे वाक्य.

दारातला एकजण हसला. “आप्पा, रवा बसवतोस का अंदाजानं टाकतोस रं?”

आप्पासो आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी जुना सेट स्वतःच्या हातानं बंद केला आणि मला चहा आणायला आत गेले.

ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत हळूच विचारलं, “साहेब, खरंच तसं असंल का?”

“तपासून घेतलेलं बरं,” मी म्हणालो.

घरातलं वाक्य लोकांपुढं अडचणीत सापडून बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण रस्त्यावर आम्ही दोघंच होतो.

दीडेक वर्षानं मला नात झाली. बारशाला पैंजण घ्यायला हुपरीला गेलो. बाजारातल्या एका दुकानात विचारलं, “आप्पासोंच्या हातचं रव्याचं काही आहे का?”

“आप्पा आता रवा बसवत न्हाईत,” दुकानदार म्हणाला. “डोळ्यांत दोष निघाला. वैनींसंगं बसून साध्या कड्या जोडत्यात.”

“डॉक्टरनं सांगितलं?”

“चष्मेवाल्यानं नंबर काढून दिला. पर पयल्यांदा धरलं त्ये कोल्हापूरच्या टीव्हीवाल्यानं. मोठ्या दुकानातला माणूस हाय म्हणं. त्यांचं कामच चित्राचं न्हवं का!”

पन्नाशीच्या माणसाला चष्म्याचा नंबर निघतोच. मलाही निघाला होता. त्यामुळे भिंगाखाली चाललेल्या कामात काही बिघडत नाही. बिघडतो तो भरवसा. प्रत्येक दाणा बसवताना हा सरळ बसला का, असा संशय यायला लागला की तो हात रवा बसवू शकत नाही. साधे पैंजण घेऊन मी परत फिरलो. त्यांची गल्ली पाच मिनिटांवर होती. गेलो नाही.

पुढं एचडी वाहिन्या आल्या, घरोघरी सेट-टॉप बॉक्सचे नवे डबे बसले, चपट्या सेटना पाच लिटरचं दूध मिळायला लागलं. आता आप्पासोंनाही चित्र लख्ख दिसत असेल, असं मी मनाशी म्हणायचो. दिसतही असेल. पण त्यानं सेटवरचा डाग निघाला असता, त्यांच्या डोळ्यांवरचा नाही.

या उन्हाळ्यात हुपरीला त्यांच्या घरी गेलो. आप्पासो सत्तरी ओलांडून गेलेत. ओसरीवर बसून होते. शालनवैनी आत कॉटवर पडून ऐकत होत्या. मी सगळं सांगितलं: नुरा सेट, डिस्क, आठ फाटे, कानातलं, आणि माझं वाक्य. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले,

“आता काय इकायला आलायसा?”

“काही नाही आप्पासो.”

“मग आत्ताच का?”

“राहवेना.”

“तवा तुमी म्हणालासा डोळं खराब, मी मानलं. आता म्हणतासा बरं हुतं. उद्या आणि कोण येऊन काय सांगंल. माणसानं धरायचं तरी कुठलं?”

तेवढ्यात आतून वैनींचा आवाज आला.

“मला बी पुसटच दिसायचं.”

आप्पासोंनी मान वळवली. “काय म्हणालीस?”

“मला बी पुसट दिसायचं. तुमी माझ्यासाठी आणल्याला, कसं म्हणू?”

“मग रवा सोडला तवा तरी सांगायचंस!”

“तवर तुमाला चष्मा लागल्याला. मला वाटलं, दोन्ही खरं असंल, चित्र बी पुसट आणि तुमचं डोळं बी.”

आप्पासो वैनींकडे बघत राहिले. ती नजर मी ओळखली. दुकानात शिरणारा माणूस माझ्याकडे बघायचा ती. एकोणीस वर्षं ती माझ्यावर पडत होती. त्या दिवशी ती त्या घरातल्या माणसावर पडली, आणि ती त्या घरात मी नेली होती. खरं सांगायला जाऊनसुद्धा मी काहीतरी बिघडवूनच उठलो.

निघताना मी म्हणालो, “आप्पासो, मी हे सगळं दिवाळी अंकात छापून देणार आहे. तुमचं नाव घालू का?”

“आप्पासो घाला. हुपरीत गल्लीगणिक आप्पासो हाईत. ज्येनं वळखायचं त्यो वळखंल.”

मी चपला घातल्या. पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला.

“कांबळेसाहेब, बारीक टायपात छापाया सांगा. माझं भिंग अजून हाय. वाचून बघतो. मग ठरवतो, तुमी खरं बोलतासा का न्हाय त्ये.”

टीव्ही घेऊ पाहणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, की दुकानात मासे आणि फुलं बघू नका. तुमच्या घरी जे लागतं ते तिथं लावायला सांगा, आणि शेजारचा सेट इतका वाईट का दिसतोय ते विचारा. उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघा. आणि छापखान्याला विनंती, की खालचा परिच्छेद त्यांच्याकडे असेल त्या सगळ्यात बारीक टायपात घ्यावा.

आप्पासो, तुमचे डोळे चांगले होते. त्या दिवशी त्या खोलीत दहा-बारा माणसं होती आणि पुसट चित्राला पुसट म्हणणारे तुम्ही एकटे होता. केबलमध्ये तेवढी नक्षी नव्हती. तुम्ही ते दुकानातच ओळखलं होतं, आणि मला ते आधीपासून माहीत होतं. रवा सोडायचं काही कारण नव्हतं. वैनींकडे त्या नजरेनं बघू नका. ती नजर माझ्या वाटणीची आहे.